स्टेपनीखालचा खवला

देवदत्त परचुरेच्या गाडीला पहिल्यांदा भास झाला तो मुलुंडला, सोसायटीच्या आवारात. मागे भिंतीपर्यंत लग्नाची पंगत बसेल एवढी मोकळी जागा होती, आणि रिव्हर्स टाकल्याबरोबर मागचा सेन्सर असा कोकलायला लागला की चाकाखाली कोणी आलंच. देवदत्त उतरून मागे बघून आला. कोणी नव्हतं. पुन्हा बसला, पुन्हा तेच. शेवटी वॉचमननेही वाकून गाडीखाली डोकावून घेतलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात डिकी आपली आपण उघडायला लागली. मग एका सकाळी गाडी चालूच होईना.

गाडी म्हटली की बिघडायचीच, असं म्हणून गप्प बसणारी माणसं असतात. देवदत्त त्यातला नव्हता. एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात त्याने उभी हयात घालवली होती. लोक सांगणार, ट्रकने मागून ठोकलं, आणि हा विचारणार, मग पुढचा बंपर कसा चेपला? लोक शपथा घ्यायचे, बायकामुलांना पुढे करायचे, आणि हा शांतपणे चष्मा पुसत बसायचा. आपल्याला फसवून गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं तो निवृत्तीच्या समारंभातही बोलून गेला होता. त्यानंतर मात्र संशय घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. भाजीवाल्याचा काटा आणि सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर एवढ्यावर तो दिवस काढत होता. गाडी बिघडली आणि स्वारीला एकदम तरतरी आली.

घाटकोपरला कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर होतं. तिथे पहिल्या खेपेला सेन्सर बदलला, दुसऱ्या खेपेला डिकीचं कुलूप, तिसऱ्या खेपेला मागच्या बाजूचं निम्मं वायरिंग. प्रत्येक वेळी बिल आधीपेक्षा फुगलेलं, आणि प्रत्येक वेळी महिन्याभरात गाडी परत त्यांच्याच दारात. वॉरंटी अजून संपलेली नव्हती, पण ती लागू होत नाही म्हणे. का, तर आत बाहेरून पाणी गेलंय. आणि बाहेरून गेलेल्या पाण्याला कंपनी जबाबदार नसते.

हे सांगणारा होता केतन वाघमारे. तिथला सर्व्हिस अॅडव्हायजर, म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी ताब्यात घेणारा, बिल समजावून सांगणारा आणि शिव्या खाणारा माणूस. तिशीच्या आतबाहेरचा, नीट भांग पाडलेला, कॉम्प्युटरशेजारी बोटभर उंचीची बुद्धमूर्ती ठेवलेला. आवाज कधी चढायचा नाही. देवदत्तला नेमकं तेच खटकलं. एवढं सहन करतो म्हणजे ह्याच्या मनात काहीतरी आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

मग त्याने आपली जुनी हत्यारं बाहेर काढली. लताच्या, म्हणजे बायकोच्या, नेलपॉलिशची बाटली घेऊन त्याने गाडीच्या पार्टांवर बारीक लाल ठिपके दिले, जुना पार्ट काढून तोच पुसून परत बसवतात का ते बघायला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला सोफा सोडून तो वर्कशॉपच्या काचेला नाक लावून उभा राहायचा. किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढायचा. लता म्हणायची, "अरे, दुसरी गाडी घे आणि सोडून दे." तिला वाटायचं, हा छंद आहे. तिला तो यातलं फारसं काही सांगत नसे. घरात उगाच चर्चा नको, असं त्याचं धोरण होतं.

गाडी तशी दोघांचीच. मुलगा श्रेयस बंगळुरूला होता. देवदत्त शनिवारी देवळात आणि बाजारात न्यायचा. लता पन्नाशीनंतर हौसेने ड्रायव्हिंग शिकली होती आणि दर बुधवारी एकटी गोरेगावला जायची, कमलकडे, म्हणजे सख्ख्या बहिणीकडे. सकाळी निघून दुपारचं जेवून परत. त्या दिवशी ती परत आली की घरात गुणगुणत असायची. देवदत्तने ते ऐकलं होतं की नव्हतं, त्यालाच ठाऊक.

चौथ्या खेपेला गाडी सर्व्हिस सेंटरला लतानेच नेऊन टाकली. बुधवारच होता. गोरेगावहून परस्पर घाटकोपरला जाते म्हणाली. दोन दिवसांनी केतनचा फोन आला, सर, एकदा येऊन बघून जा.

देवदत्त गेला. केतनने डिकी उघडली, गालिचा उचलला, खालची स्टेपनी बाहेर काढली. स्टेपनीच्या खड्ड्यात पांढरट खार जमला होता आणि मागच्या वायरिंगचे जोड हिरवे पडले होते. केतनने तळाला चिकटलेलं काहीतरी नखाने सोडवलं आणि तळहातावर धरलं. नखाएवढा, चमकणारा खवला.

केतन हळू आवाजात म्हणाला की पाणी खारं आहे सर, आणि वासही येतोय. देवदत्तला कसलाच वास येत नव्हता. करोनात त्याचं नाक गेलं होतं ते धड परत आलंच नव्हतं. पण ते ह्याला कशाला सांगायचं? केतनने विचारलं, "सर, गाडीतून मच्छी नेता का तुम्ही? बर्फाचं पाणी गळत असेल."

देवदत्तचा पारा चढला. एक तर हा माणूस सरळसरळ वॉरंटी बुडवायला निघाला होता, आणि त्यासाठी परचुऱ्यांच्या घरावर मासे टाकत होता. त्याच्या आईने लताला सून करून घेताना एकच अट घातली होती, माहेरचं खाणं माहेरी ठेवायचं. लता मूळची वेंगुर्ल्याकडची. तिने ती अट ऐकली, मान हलवली आणि विषय मिटला. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मिटलेला विषय कोण उघडणार? मग मासे आले कुठून? देवदत्तने मोबाइल काढून मंगळवारी रात्रीचा किलोमीटरचा आकडा बघितला आणि गाडीतल्या आकड्याशी ताडला. मुलुंड ते गोरेगाव, गोरेगाव ते घाटकोपर, आणि वर बरेच जास्तीचे किलोमीटर. त्याच्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. गाडी इथे आल्यावर कोणीतरी फिरवली होती. पार्टी करायला मढला समुद्रावर नेली असेल, नाहीतर घरची मच्छी आणायला.

तो तरातरा बाहेर आला. गिऱ्हाइकांच्या हॉलमध्ये गाड्यांची वाट बघत माणसं बसली होती, काउंटरवर मुली होत्या, चहावाला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो केतनला म्हणाला, "आमच्या घरात तीन पिढ्या मासा शिरलेला नाही. तुमच्याकडे शिजत असेल रोज. गिऱ्हाइकाच्या गाड्या घेऊन मच्छी आणता आणि वर मलाच विचारता?"

 केतनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने विचारलं, "तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, सर?"

 देवदत्तने खिशातून पेन काढलं आणि तक्रारीचा फॉर्म मागितला.

मॅनेजर जयवंत शिर्के हा नोकरी सांभाळून असलेला माणूस. तक्रारीत किलोमीटरचे आकडे, फोटो, ग्राहक मंचाचा उल्लेख, सगळं मुद्देसूद. लिहिणारा मुरलेला आहे हे त्याने ओळखलं. चौकशी होईपर्यंत केतनला घरी बसायला सांगितलं, आणि देवदत्तला फोन करून तसं कळवलंही. देवदत्त त्या दुपारी पोटभर जेवला आणि छान झोपला. बऱ्याच दिवसांनी आपण कामाचे आहोत, असं त्याला वाटलं होतं.

तरी त्याचं समाधान झालं नाही. एक केतन गेला, दुसरा कोणी उभा राहील. गाडी घरी आल्यावर त्याने एक जीपीएस ट्रॅकर मागवला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली चिकटवला. पुढच्या खेपेला गाडी वर्कशॉपमधून कुठे जाते, ते घरबसल्या मोबाइलवर दिसणार होतं. लताला सांगायचं काही कारण नव्हतं. ती कुठे वर्कशॉपमधली होती?

बुधवारी लता गोरेगावला गेली. अकराच्या सुमारास देवदत्तने सहज, यंत्र चालतंय का बघायला म्हणून, मोबाइल उघडला. गाडीचा निळा ठिपका गोरेगावला नव्हता. तो खारदांड्याला, समुद्राच्या कडेला उभा होता.

आधी त्याने यंत्राला नावं ठेवली. बंद करून चालू केलं. ठिपका तिथेच. मग त्याने लताला फोन लावला आणि साळसूदपणे विचारलं, पोचलीस का? ती म्हणाली, हो, कमलकडेच आहे, चहा पितोय. मागून समुद्रावरचा वारा आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता. देवदत्तने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. 

खाली उतरून त्याने रिक्षा पकडली आणि थेट खारदांडा सांगितलं. एवढ्या लांबचं भाडं म्हणून रिक्षावाला खूश झाला आणि बोलायला लागला, पण देवदत्तच्या कानात काही शिरत नव्हतं. लिंक रोड संपेपर्यंत त्याने बायकोचं अख्खं दुसरं आयुष्य उभं केलं. त्यात एक माणूस होता, समुद्राकाठचं घर होतं, आणि कमलला सगळं माहीत होतं. गोरेगावचं वळण मागे पडताना त्याला तिची बुधवारची गुणगुण आठवली. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, पण लतावर कधी घेतला नव्हता. त्याला आत्तापर्यंत तो विश्वास वाटत आला होता. रिक्षात बसल्यावर त्याला पहिल्यांदाच शंका आली की तो विश्वास नव्हताच. संशय घ्यायला आधी माणसाकडे बघावं लागतं, आणि लताकडे त्याने बघितलं कधी होतं? हा विचार त्याला मुळीच आवडला नाही. त्याने रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी लावलेली होती, रिकामी. पुढे मासळीवाल्या बसल्या होत्या. तिथे, साडीचा पदर कमरेला खोचून, पाटीपुढे उकिडवी बसून, लता एका सरंग्याचा कल्ला बोटाने उघडून बघत होती. तो तिच्या पाठीमागे उभा राहिला. तिला पत्ता नव्हता.

"माका नको फसवू, बाय," ती हसत म्हणत होती. "ह्यो सरंगो कालचो. तो खालचो दाखव, लपवून ठेवलंस तो."

मासळीवालीही हसली आणि खालचा सरंगा काढून तिच्यापुढे टाकला. देवदत्त थिजल्यासारखा ऐकत होता. हा आवाज त्याने ऐकला होता, पण लग्नाच्या आधी. ती एका बँकेत होती, ऑफिसच्या फोनवरून भावाशी अशीच खणखणीत बोलायची, आणि तो ते ऐकायला मुद्दाम काउंटरवर रेंगाळायचा. तो आवाज कुठे गेला, हे त्याने एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. माणूस नाही, समुद्राकाठचं घर नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी त्याला रडू येतंय की काय असं वाटलं, आणि स्वतःची फार लाज वाटली.

मासे थर्माकोलच्या डब्यात गेले, वर बर्फ पडला. डबा घेऊन ती वळली आणि तो समोर.  मग ती चालत गाडीकडे गेली, डिकी उघडली, गालिचा उचलला आणि डबा स्टेपनीच्या खड्ड्यात, स्टेपनीवर तिरका बसवून वरून गालिचा नीट घातला. हे सगळं तिने त्याच्या देखत केलं, नेहमीच्या सवयीने.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मी कधी नको म्हटलं होतं?"

"नको नाही म्हणालास. हवं का, तेही नाही विचारलंस," लता म्हणाली. "आई होत्या तोवर मी शब्द काढला नाही. त्या गेल्यावर वाट बघितली. मग गाडी शिकले."

ती बोलत होती ते रागाने नव्हे, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलून गेला की म्हणजे तो सर्व्हिस सेंटरवाला पोरगा खरं सांगत होता तर. लताने विचारलं, कुठला पोरगा? तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं. खवला, किलोमीटर, तक्रार, चौकशी. तो हॉलमध्ये काय ओरडला, ते त्याने अर्धंच सांगितलं. लताने उरलेलं खोदून काढलं.

मग तिने चावी फिरवली. गाडी निघाली ती गोरेगावला नव्हे. वाटेत, माशांची वाट बघत बसलेल्या कमलचा फोन आला, तो तिने घेतलाही नाही. देवदत्त म्हणाला, मासे खराब होतील. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो घाटकोपर येईपर्यंत गप्प बसला.

गप्प बसून त्याने मात्र एक मसुदा तयार केला होता. मॅनेजरच्या केबिनमध्ये बसल्यावर घसा साफ करून त्याने सुरुवात केली की आमच्याकडे एक पाहुणे आले होते, त्यांनी गाडी नेली होती, त्यामुळे थोडा गैरसमज...

"मासे माझे आहेत," लता म्हणाली. "गाडी मीच नेत होते. दर बुधवारी."

शिर्के साहेबांचा चेहरा खुलला. खरं काय ते कळल्याचा आनंद नव्हता तो, फाइल बंद होणार ह्याचा होता. त्याने चहा मागवला, तक्रार मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून घेतलं आणि केतनला फोन लावला. केतन जवळच राहायचा. अर्ध्या तासात आला. घरातला शर्ट, दाढी वाढलेली. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

शिर्के म्हणाला, परचुरे साहेबांनी तक्रार मागे घेतली आहे, उद्यापासून कामावर ये. केतनने देवदत्तकडे बघितलं. देवदत्तने सगळं सांगितलं, ह्या खेपेला पाहुण्यांशिवाय, आणि शेवटी म्हणाला, "गैरसमज झाला. सॉरी."

"गैरसमज केबिनमध्ये नव्हता झाला, सर," केतन म्हणाला. "बाहेर झाला होता."

शिर्के मध्ये पडला, अरे जाऊ दे ना, साहेब स्वतः आलेत. केतन दार उघडून धरून उभा राहिला. लताने नवऱ्याच्या बाजूने एक शब्द काढला नाही.

हॉलमध्ये सोफ्यावर सात-आठ माणसं होती, वेगळीच, कोणी त्या दिवशीचं नव्हतं. पण काउंटरवरच्या मुली त्याच होत्या, चहावाला तोच होता. देवदत्त मधोमध उभा राहिला. आयुष्यभर तो समोरच्याकडून कबुली घ्यायला बसलेला होता, द्यायला कधी उभा राहिला नव्हता. 

"माझ्या गाडीत मासे सापडले, ते आमच्या घरचे होते," तो म्हणाला. "केतन वाघमारे यांनी माझी गाडी कुठेही नेली नव्हती. मी खोटा आरोप केला."

माणसांनी मोबाइलमधून माना वर केल्या. काउंटरवरची मुलगी खाली बघायला लागली. केतन तसाच उभा होता, आणि देवदत्तला कळलं की झालं नाही अजून. त्या दिवशीच्या प्रश्नाला उत्तर राहिलं होतं. त्याला ते टाळायची खूप इच्छा झाली. चार वेगळे अर्थ त्याला एका दमात सुचलेही.

"आणि मी 'तुमच्याकडे' म्हणालो होतो," त्याने खाली बघत म्हटलं. "त्याचा तुम्ही जो अर्थ घेतलात, तोच होता."

 लता दाराशी उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता.  केतनने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि देवदत्तचीही तशी विचारायची छाती झाली नाही. मग केतनने खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला.

"हे एकदा माझ्या आईला सांगा," तो म्हणाला. आत्तापर्यंत सरळ असलेला त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पहिल्या दिवशी ती माझ्या बाजूने भांडली. आता रोज रात्री जेवताना विचारते, खरंच नव्हतीस ना रे नेली गाडी? मी नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी परत विचारते."

देवदत्तने फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत होती. मग कोणीतरी उचलला, मागे भांड्यांचा आवाज, आणि एका वयस्कर बाईचा आवाज हॅलो म्हणाला. शांताबाई वाघमारे. देवदत्तने आपलं नाव सांगितलं, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय म्हणाला, आणि तुमच्या केतनबद्दल बोलायचं होतं, इथपर्यंत पोचला.

भांड्यांचा आवाज थांबला.

"आता अजून काय केलं हो त्यानं, साहेब?" बाईंनी विचारलं.